बिनदारांच्या शहराची शेवटची आठ पानं

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा मोतीबिंदू काढून झाला असेल तर नवा नंबर कळवावा, चष्मा इथून करून पाठवतो. (तिकडच्या दुकानात जाऊ नये. मागे त्यांनी तुम्हाला दिलेल्या फ्रेममध्ये तुम्ही नुकतीच पेन्शन नाकारलेल्या माणसासारखे दिसत होता.) इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी आणि मेहुणा पाच आठवडे एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि त्याला कारण तुमची कादंबरी आहे.

तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण भांडण कुठून पेटलं ते कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. (थोडक्यात म्हटल्यावर आमची ही हसली. तिच्याकडे लक्ष देऊ नका.) सरकारने दारांवर बंदी घातलेलं शहर, कुणीही कुणाच्या घरात डोकावावं असा कायदा, सकाळी न्याहारीला निरीक्षक येऊन समोर बसतात, आणि अशा शहरात एक साठ वर्षांची सुतारीण चोरून एक दार बनवते. बावीस वर्षांत माझ्या प्रतीची बांधणी तीन वेळा उसवली. त्यातलं शेवटचं वाक्य, ‘तिने कडीवर हात ठेवला’, आमच्या वाचकमंडळात सगळ्यांना पाठ आहे. ती कडी काढते की लावते? यावर आमच्यात दोन तट आहेत. आमच्या ग्रंथपालांनी तर त्या वाक्यानंतरच्या पूर्णविरामावर चाळीस पानी निबंध लिहिलाय, आणि तो वाचून आपल्या गावाबाहेरचेही दोन लोक रडले होते असं ते सांगतात.

तर या कादंबरीवर निघालेला सिनेमा बघायला आम्ही सहकुटुंब गेलो. सुतारीण पडद्यावर आली ती तिशीची. मी सहन केलं. पुस्तकातल्या मांजराचा कुत्रा झाला होता, तेही सहन केलं. (कुत्र्याचं काम चांगलं होतं, हे मी फक्त तुम्हाला सांगतोय.) पण शेवटी तिने कडीवर हात ठेवला, आणि काढली. दार उघडलं. बाहेर अख्खी गल्ली हातात एकेक फळी घेऊन उभी, निरीक्षक पळताहेत, वाद्यं वाजताहेत. मी खुर्चीतून उठून म्हणालो की हे पुस्तकात नाही. शेजारी बसलेला मेहुणा, जो आयुष्यभर औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं सोडून काही वाचत नाही, डोळे पुसत मला म्हणाला, “भावजी, खाली बसा, मागच्यांना दिसत नाहीये.” तिथून बिनसलं.

पुढचा महिना काय सांगावा. त्याचं औषधांचं दुकान माझ्या चष्म्यांच्या दुकानाच्या बरोबर समोर, त्यामुळे न बोलणंसुद्धा दिवसभर समोरासमोर करावं लागायचं. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी तीन चौक ओलांडून दुसरीकडून आणू लागलो, आणि चालून चालून रक्तदाब उतरला, ही गोष्ट त्याला कळू दिली नाही. त्याने सिनेमाच्या बाजूने माणसं जमवली. लोकांना आधार लागतो, पुस्तकाने बाईला बावीस वर्षं दारात उभं करून ठेवलं, हे माणुसकीला धरून नाही, असं तो खोकल्याचं औषध देता देता सांगायचा. मी माझ्या गिऱ्हाइकांना तपासणीच्या खुर्चीत बसवून, डोळ्यांपुढे भिंगं बदलता बदलता, लेखकाच्या शब्दाला हात लावणं हे कसं पाप आहे ते समजावायचो. या भरात दोन गिऱ्हाइकांच्या चष्म्यांची अदलाबदल झाली. एक जण तीन दिवस जिन्याला घाबरत होता. ही मधल्या मध्ये भरडली गेली. एकीकडे भाऊ, एकीकडे नवरा. शेवटी तिने दोघांनाही निक्षून सांगितलं की वाचनालयात सभा घ्या, काय तो सोक्षमोक्ष लावा, आणि मग माझ्या घरी माणसांसारखे जेवायला बसा.

सभा रविवारी सकाळी झाली. वाचनालयाचा वरचा हॉल, एकूण बेचाळीस माणसं, खुर्च्या तीस. अध्यक्ष ग्रंथपाल. मी पाऊण तास बोललो. (घड्याळ हिने लावलं होतं, मला वीस मिनिटंच वाटली.) मी लेखकाचा सख्खा भाचा आहे, कादंबरी लिहिली जात असताना लेखक माझ्याच घरी राहत होता, त्याच्या मनात काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि त्या पूर्णविरामापुढे एक अक्षर लिहिणं म्हणजे तुमच्या, म्हणजे मामांच्या, छातीवर पाय देणं आहे, असं मी म्हणालो. टाळ्या झाल्या. मेहुण्याचा चेहरा पडला. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतला म्हातारा बाइंडर उठला. तुम्हाला आठवत असेल. तुमची पहिली आवृत्ती त्यानेच बांधली होती. माणूस सभेत कधी बोलत नाही. येतो, पंख्याखाली बसतो, जातो.

तो म्हणाला, “मला आता ऐंशी झाली, म्हणून सांगून टाकतो. पुढे आठ पानं होती.”

त्याने शांतपणे सांगितलं. पुस्तकाचे तेरा फर्मे, म्हणजे घडी घातलेले छापील ताव, सोळा पानांचे, आणि शेवटचा अर्धा फर्मा आठ पानांचा. त्या अर्ध्या फर्म्याच्या गठ्ठ्यावर छत गळलं आणि कागदाचा लगदा झाला. छापखान्याचे मालक परगावी. पुस्तकं दुसऱ्या दिवशी द्यायची होती. त्याने दोनशे आठवं पान उघडून पाहिलं, तर वाक्य पुरं होत होतं, खाली पूर्णविरामही होता. त्याने बांधून टाकलं.

ग्रंथपालांनी विचारलं, “आणि लेखक काहीच बोलले नाहीत?” त्यांचा आवाज ऐकून मला त्यांच्या चाळीस पानांची दया आली.

“आले होते ना,” बाइंडर म्हणाला. “एका हातात पुस्तक, एका हातात पेपर. माझा गळा धरायलाच आले होते. पण पेपरात परीक्षण छापून आलं होतं, ते वाचायचं राहिलं होतं वाटतं. उभ्या उभ्या वाचलं. शेवटाची फार स्तुती होती. मग बसले, चहा घेतला, आणि शाई चांगली उठलीय म्हणाले.”

मामा, मी तुम्हाला दोष देत नाही. माझीही कुणी पेपरात स्तुती केली असती तर मीही शाईबद्दलच बोललो असतो. पण सिनेमात कडीच्या पुढचं दाखवलंय, त्याअर्थी सिनेमावाल्यांना तुम्ही मूळ हस्तलिखित दिलंत आणि सख्ख्या भाच्याला चकार शब्दाने सांगितलं नाहीत, हे मनाला लागलं. सभा तिथेच संपली. कुणी कुणाला चिडवलं नाही. ग्रंथपाल पायरीवर जाऊन बसले. मी त्यांच्याजवळ बसलो, आणि दुसऱ्या बाजूला मेहुणा येऊन बसला. खिशातून आम्लपित्ताच्या गोळ्या काढून त्याने तिघांना एकेक दिली. त्या दिवशी आम्ही एकत्र जेवलो. तुमच्याबद्दल जेवताना जे बोलणं झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जावा.

तुमचा,
भाचा

ता. क. बाइंडरने त्या अर्ध्या फर्म्याची एक कोरडी प्रत जपून ठेवली होती. ती काल त्याने मला दिली. त्यात फळ्या घेतलेली गल्ली नाही. ती सिनेमावाल्यांची. निरीक्षक येतात तेव्हा सगळे शेजारी पळून जातात, आणि सुतारणीचा एक भाचा तेवढा दाराला पाठ लावून बसून राहतो. आणि निरीक्षकांना चष्म्याच्या फ्रेमींबद्दल इतकं, इतकं सांगतो की ते कंटाळून निघून जातात. आत ती हसते, आणि मग कडी काढते. मी ते दुकानात वाचलं. त्यानंतर अर्धा तास मला कुणाचा नंबर काढता आला नाही.

ता. क. २. तेव्हा एक विनंती. नव्या आवृत्तीत ही आठ पानं घालावीत. ग्रंथपालांचीही हरकत नाही, ते आता त्या आठ पानांवर लिहायला बसलेत. फक्त दोन किरकोळ दुरुस्त्या कराव्यात. पान २११ वर भाच्याचे कान ‘कपाटाच्या उघड्या दारांसारखे’ आहेत, ते जरा लहान करावेत. आणि पान २१२ वर ‘बडबड्या’ आहे तिथे ‘मितभाषी’ करावं.

ता. क. ३. हिने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, भाचा मितभाषी केला तर निरीक्षक जाणार नाहीत आणि ती बाई आतच राहील. तेव्हा तो शब्द असू द्या. कानांचं मात्र बघा.