बाई, तुमचा गुप्तहेर हाणामारी करतो

बाई, लंडनच्या त्या जुन्या गुप्तहेरावर मी सिनेमा केला. विनोदी, आणि भरपूर मारामारीचा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये, कारण शाळेतल्या एका सकाळचं उत्तर मी तुम्हाला अजून दिलेलं नाही.

स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवसाची ती सकाळ. आदल्या संध्याकाळी मी लिहिलेलं नाटुकलं झालं होतं आणि त्यात मी त्या गुप्तहेराच्या हातात लाकडी तलवार दिली होती. वेंगुर्ल्याच्या त्या पटांगणात कुणी एवढ्या शिट्ट्या वाजवलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. तुम्ही मात्र सगळ्या वर्गासमोर मला उभं केलंत. "तो माणूस डोक्याने जिंकतो. तलवार कशाला लागली त्याला?" मी म्हटलं, "बाई, लोकांना आवडलं." शाळेत तुम्ही कायम पुस्तकी मराठी बोलायचात, पण राग आला की घरची बोली बाहेर यायची. "लोकांका आवडला म्हणान ता बरोबर झाला काय गो?" वर्ग हसला. मी खाली बसले. आणि त्याच आठवड्यात तुम्ही मला घरी बोलावलंत.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुम्ही विळीवर नारळ खवताय, मी पाटावर बसलेय, आणि तुम्ही पुस्तकाशिवाय, नुसत्या आठवणीतून, त्याची गोष्ट सांगताय. चिखलाच्या शिंतोड्यांवरून माणूस कुठून आला ते तो ओळखतो, तिथे तुमचा खवायचा हात थांबतो. "आता तू सांग. माझ्याकडे बघून काय कळतं?" मी म्हणते, दारात काढलेल्या तुमच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय आणि तुम्ही तो सेफ्टीपिनने अडकवलाय. तुम्ही मान हलवता, शाबासकी देत नाही, माझ्या तळहातावर ओलं खोबरं आणि गूळ ठेवता. त्यानंतर दर शनिवारी मी येत राहिले. इंग्रजी मला तिथेच आलं, आणि गोष्ट सांगायची कशी, तेही.

पुढे मुंबईत नोकरी करताना ती पुस्तकं मी मुळातून वाचली, आणि बाई, वाचता वाचता एकदम थांबले. तो ठोसे मारतो! काठी चालवतो, गुंडाला लोळवतो. तुम्ही सांगताना ती सगळी पानं गाळत होतात. मला आधी हसू आलं, मग जरा रागही आला, आणि मग ठरलंच. डोकं आणि हात एकाच माणसाचे असतात, हे मी दाखवणार.

सिनेमात मी त्याला आजच्या वेंगुर्ल्यात उतरवलं. घोडागाडीच्या जागी रिक्षा, आणि सोबती म्हणून तोंडाळ मालवणी रिक्षावाला. दीपगृहातलं मोठं भिंग चोरीला जातं आणि दोघं मिळून चोरामागे पळतात, एवढीच गोष्ट. शेवटची मारामारी जेटीवर. माझी एकच अट होती. प्रत्येक फटक्याआधी तो क्षणभर थांबेल आणि बघेल. ओली फरशी, सैल दोर, लंगडणारा पाय. जे दिसलं त्यातूनच पुढचा डाव. निर्मात्यांना हे थांबणं मुळीच पसंत नव्हतं. "मॅडम, लोक हाणामारी बघायला येतात. हा उभा राहून विचार काय करतो?" म्हणजे तुम्हाला फटके नको होते आणि त्यांना विचार नको होता. मी मधे.

जेटीवरच्या मारामारीचा दिवस हा नायकाच्या चित्रीकरणाचा शेवटचा दिवस होता. सकाळी कॅमेरा लावला आणि होड्या बांगड्यांनी भरून आल्या. बघता बघता जेटीवर लिलाव सुरू झाला, पाय ठेवायला जागा उरली नाही. निर्माते म्हणाले, "आवरा. मुंबईत सेटवर करून घेऊ." मी नाही म्हटलं. सेटवर तो काय बघणार होता? रंगवलेली फरशी? लिलाव पुकारणाऱ्या मावशींकडे मी गेले आणि थोडा वेळ थांबा म्हणून विनवलं. त्यांनी माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

"आमचा म्हावरा तुमच्यासाठी थांबाचा नाय."

"मावशी, मगे आमी काय करूया?"

"मारामारी करूची आसा ना? करा आमच्या मधी. पण कोणाच्या मासळेक पाय लागता नये."

तसंच केलं. लिलाव चालू, बोल्या चालू, आणि त्यातून आमचा गुप्तहेर वाट काढत लढतोय. मारामारी बसवणारे मास्तर डोक्याला हात लावून बसले होते. नायक बर्फाच्या पाण्याचा ओघळ बघतो, एक पाऊल मागे सरतो, गुंड घसरतो. इथवर ठरल्याप्रमाणे. पण घसरलेल्या गुंडाचा पाय थेट मावशींनी लावलेल्या बांगड्यांच्या वाट्यात पडला. "माझ्या बांगड्यांवर पाय दितंस मेल्या?" म्हणत त्यांनी रिकामी टोपली उचलली आणि त्याच्या पाठीत घातली. तो बिचारा खराखुरा पळाला. नायकाला हसू आवरेना, त्याने हॅट काढून मावशींना लवून नमस्कार केला. मी 'कट' म्हटलंच नाही.

संकलनात पुन्हा तेच भांडण. निर्मात्यांनी ते सगळे थांबे उडवले आणि मला दाखवलं. नुसती धपाधप. मी म्हटलं, "असंच लावायचं असेल तर माझं नाव काढा." मी हे खरंच म्हणतेय हे त्यांना पटायला काही दिवस गेले. दोन गाणी गेली, माझे आवडते प्रसंग गेले, पण जेटी मी सोडली नाही. थांबे राहिले, टोपलीही राहिली.

कुडाळला पहिला खेळ लागला तेव्हा मी तुमच्या धाकट्या भावाला घेऊन गेले. आता ते काठी टेकत चालतात. जेटीचा प्रसंग आला आणि थिएटर उसळलं. आधी थांब्यावर सगळे चिडीचूप, मग एकदम हशा. मागून कुणी ओरडलं, "बघल्यान रे, तेणा बर्फ बघल्यान!" बाई, लोक त्याच्याबरोबर बघत होते. मला एवढंच हवं होतं. बाहेर आल्यावर मी तुमच्या भावाला विचारलं, कसा वाटला. 

"खरा सांगू? तिका ह्यो शिनेमा आवडलो नसतो."

"माका ठावक आसा."

"पण अर्ध्यातसून उठान गेली नसती. शेवटपर्यंत बसली असती आणि घराक जावन तुझ्याशी भांडली असती."

मग भांडू, बाई. लोकांना आवडलं म्हणून ते बरोबर होत नाही, हे तुमचं मला आजही मान्य आहे. पण आवडलं म्हणून ते चुकीचंही होत नाही. तो डोक्याने जिंकतो आणि त्याला हातही आहेत. पुन्हा केला तर पुन्हा असाच करीन, त्यातला एकही फटका कमी करणार नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, माझ्याजवळच राहील. फक्त एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या दिवशी सगळं थिएटर हसत होतं तेव्हा मी डोळे मिटून तुमचं हसू ऐकायचा प्रयत्न करत होते. नाही जमलं. इतके शनिवार तुमच्यासमोर बसले, पण तुम्ही मोठ्याने हसता कशा, हेच मला कधी कळलं नाही.