बोटरसाठी पेरलेलं गवत

फेल्डहोवन, ऑगस्ट २०२०

प्रिय चंद्रहासराव यांस,

फलटणच्या सर्व मंडळींना इथून दोघांचा सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे, म्हशी दूध देताहेत ना, आणि वहिनींनी तुम्हाला अजून घराबाहेर पडू दिलं की नाही, हे सविस्तर कळवा. आम्ही सुखरूप आहोत. तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलो आणि विमानं बंद झाल्यानं अडकलो, हे तुम्हाला माहीतच आहे. मुलगा-सून दिवसभर लॅपटॉपशी बोलतात, म्हणून मी सायकलच्या रस्त्यानं फिरत असतो आणि तिथेच हे सगळं सुरू झालं.

आमच्या गल्लीच्या टोकाला रीट नावाच्या बाई राहतात. वय माझ्याएवढंच. (पहिल्याच दिवशी मला ‘वासू’ म्हणाल्या. आईनंतर तसं कोणी म्हटलं नव्हतं. तुमच्या बहिणीनं, लीलावतीनं, दोनदा वळून पाहिलं.) त्यांच्याकडे बोटर, म्हणजे इथल्या डच भाषेत लोणी, नावाचं गुबगुबीत तट्टू आहे. समोर हिरवंगार कुरण, आणि ते मात्र रेतीच्या आवारात कोंडलेलं. चौकशी केली तर म्हणाल्या, इथल्या गवतात साखर फार, ती खाऊन त्याच्या खुरांच्या आत सूज येते. पुन्हा दुखणं उलटलं तर त्याला कायमचं झोपवावं लागेल, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलंय. गवतात साखर! मी दिवसभर विचारात. मग आठवलं, ऊस तरी दुसरं काय आहे? त्या कुतूहलापायी वाचत गेलो आणि टेफ नावाचं इथिओपियाचं गवत सापडलं. उन्हाळ्यात वाढणारं, साखर कमी, वाळवून घोड्यांना घालतात. रीटबाईंनी बी मागवलं. ते खसखशीपेक्षाही बारीक निघालं.

एप्रिलात ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून तबेल्यामागच्या दोनेक गुंठ्यांत आम्ही ते फेकलं. निम्मं वाऱ्यानं शेजारच्या पाण्याच्या चरात नेलं. उरलेलं मी दाताळ्यानं चांगलं बोटभर खाली गाडलं (ज्वारी पेरताना पाहिलं होतं, तेवढ्या भांडवलावर). उगवलं ते फक्त तण, आणि चुकून वर आलेल्या चार काड्या मे महिन्यातल्या गोठलेल्या दहिवरानं झोपवल्या. तेव्हा कुठे आम्ही बियाच्या पिशवीवरची माहिती वाचली. जमीन कोमट हवी, इतकी घट्ट हवी की टाच जेमतेम रुतावी, आणि बी जवळजवळ उघडंच ठेवावं.

जूनमध्ये मी सुनेचा स्वयंपाकाचा थर्मामीटर मातीत खुपसून पाहिला. (तो नंतर दुधात गेला. हे घरात बोलू नका.) माती कोमट होती, पण दाबायला रूळ नव्हता. शेवटी लीलावती साडी खोचून, पायात सुनेचे बूट घालून उतरली. पुढे ती, मागे मी आणि दीड मीटर सोडून रीटबाई, असे आम्ही सगळा तुकडा पायांनी चेपत निघालो. सायकलस्वार थांबले. हा भारतातला पेरणीपूर्वीचा विधी असावा, असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या. लीलावतीनं हात जोडून त्या स्वीकारल्या.

मग नव्यानं मागवलेलं बी वर नुसतं भुरभुरलं. चार-पाच दिवसांनी जमिनीवर हिरवी झाक दिसल्यासारखी वाटली. खात्री करायला मी पोटावर पडून नाक मातीला लावलं. रस्त्यावरून एक बाई ओरडल्या, “तुम्ही बरे आहात ना?” मी आनंदानं ओरडलो, “उगवलंय!” मराठीत. त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. आलेल्या दोघांनी मास्क लावून माझं तापमान घेतलं, मग तेही वाकून गवत पाहून गेले.

पुढे मात्र ते भराभरा वाढलं, कमरेला लागलं. या महिन्याच्या कडक उन्हात कापलं, उलटंपालटं करून वाळवलं आणि पहिली पेंढी बोटरपुढे ठेवली. त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. रीटबाई कुंपणाला धरून उभ्या राहिल्या. लीलावती म्हणाली, “अहो, सगळे असे टक लावून बघत राहिलात तर कोण जेवेल? वळा तिकडे.” आम्ही पाठ केली. थोड्या वेळानं मागून कराकरा चावण्याचा आवाज आला. रीटबाई रडल्या. मी चष्मा पुसला. काल डॉक्टरांनी खुरं तपासली. सूज उतरतेय म्हणाले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
वासुदेव

ता.क. खरं काम असं, की विमानं सुरू झालीत आणि आमची तिकिटं सप्टेंबरच्या मध्याची आहेत. पण गवताची दुसरी कापणी सप्टेंबरअखेर होईल. लीलावती फक्त तुमचं ऐकते. फोन करून तिला इथेच थांबायला सांगा. कारण काहीही काढा, गवताचं नाव नको.

ता.क. दुसरा. दादा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. तिकिटं मी कालच सुनेकडून रद्द करून घेतली आहेत. बोटरला सोडून मी इतक्यात कुठे येतेय? तरी तू फोन कर आणि चांगला आग्रह कर. मी खूप आढेवेढे घेईन. यांनी रोजची भांडी घासायचं कबूल केलं, की मग हो म्हणेन.
— लीला