कातडी चढवायचं काम

शहापूर, बेळगाव
गुरुवार

प्रिय आप्पा,

जय भीम. फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता आणि ठेवूनच देता, म्हणून हे पत्र. उभा जन्म पोरांच्या वह्या तपासण्यात गेलेला माणूस हातातला कागद अर्धवट ठेवणार नाही, याची मला खात्री आहे. लाल पेन घेऊन बसलात तरी चालेल. ऱ्हस्व-दीर्घ खुशाल सुधारा, पण मजकुराला हात लावू नका. तो मी नीट विचार करून लिहिलाय.

आई सांगत होती, इथून गेल्यापासून तुमचं जेवणात लक्ष नाही. निपाणीच्या कॉलेजात कम्प्युटर शिकवायच्या जागेसाठी तुम्ही माझं नाव देऊन आलात आणि सोमवारी मुलाखत आहे, हेही तिनंच सांगितलं. मला न विचारता! लहानपणी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत असंच नाव द्यायचात आणि आदल्या दिवशी सांगायचात. तेव्हा मी मुकाट्यानं उभी राहायचे. आता मी बत्तीस वर्षांची आहे, तेव्हा जरा माझंही ऐका.

तुम्ही त्या रविवारी तुमच्या शाळेतल्या मारुतीरावकाकांना घेऊन आलात, तेव्हा मी किती हरखले होते, तुम्हाला कल्पना नाही. हैदराबादची नोकरी सोडून इथं मागांच्या गल्लीत वरची खोली घेतल्यापासून तुम्ही एकदाही जिना चढला नव्हता. खाली खटाखट माग चालू, वर आमची यंत्रं चालू. मी मुद्दाम मोठ्या पडद्यावर आमचं सिनेमातलं जनावर लावून ठेवलं. जनावर म्हणजे त्याची कातडीच फक्त, चारी पाय फाकून सपाट पसरलेली, डोळ्यांच्या जागी दोन भोकं, शेपटीची पट्टी बाजूला. सहा महिन्यांचं काम होतं ते, आणि मला वाटलं, आप्पा बघतच राहतील. तेवढ्यात मारुतीरावकाका हसून म्हणाले, "आरं तिच्या, हे कातडं कुणी वाळत घातलंय गं पोरी?" तुम्ही चहाचा कप खिडकीत ठेवला, भरलेलाच. म्हणालात, गाडी चुकंल. आप्पा, बेळगावातून निपाणीला दिवसभर गाड्या असतात.

मला लई राग आला होता, खोटं कशाला सांगू? वाटलं, यांना आपल्या कामाची किळस आली. लोकांना सांगताना "पोरगी कम्प्युटरात आहे" एवढंच सांगतात, ते काय उगीच! तो राग काढायला मी सदलग्याला मालूआत्याला फोन केला आणि तुमच्या नावानं खडे फोडायला लागले. ती नेहमीसारखी हसली नाही. म्हणाली, "आण्णानं तुला कायबी सांगितलं न्हाय व्हय?"

मग तिनं सांगितलं. भीमाप्पाआज्जाला गावात मेलेलं जनावर ओढायला बोलवायचे, आणि सोललेलं कातडं बाजाराच्या दिवशी तुमच्या डोक्यावर असायचं. ओलं असायचं, पाणी मानेवरून पाठीत गळायचं. व्यापाऱ्याकडं ते टाकून तुम्ही दूधगंगेत वाळूनं अंग घासायचात, पार लाल होईस्तोवर, आणि तसेच शाळेत जायचात. तरी मास्तर दाराशीच बसवायचे, पोरं नाक धरायची. आज्जाला हे कळलं त्या दिवशी त्यानं चावडीवर जाऊन सांगितलं, इथून पुढं माझ्या दारात सांगावा आणू नका. त्या उन्हाळ्यात गावात कुणी त्याला काम दिलं नाही. आत्या रडली सांगताना. मीपण रडले. तुम्ही मला हे का सांगितलं नाहीत, असं विचारणार होते. आता नाही विचारत.

पण तुम्ही काय बघितलंत, ते मात्र मी तुम्हाला सांगणार. आमचं जनावर आधी मातीच्या गोळ्यासारखं असतं. सह्याद्रीच्या जंगलात राहणारं, गव्याच्या थाटाचं पण हत्तीएवढं, सिनेमासाठी मनानं रचलेलं. कम्प्युटरात ते घडवतात, कोरतात, पण त्याला अजून कातडी नसते. ती रंगवायची तर सपाट पाहिजे. म्हणून त्या अंगाच्या मापाची कातडी शिंपी कापड बेततो तशी बेतायची आणि पडद्यावर पसरायची. शिवण कुठं ठेवायची? जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, पोटाखालून आणि पायांच्या आतल्या बाजूनं. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, सोलताना चीर बी तितंच मारत्यात." म्हणजे मारुतीरावकाका काही वावगं बोलले नव्हते. त्यांना जे दिसलं ते तुम्हालाही दिसलं, फक्त त्यांना त्याचा वास आला नाही.

आणि मला? मी नऊ वर्षं रोज असं काही ना काही बघते, आप्पा, आणि मला एकदाही ते सोललेलं कातडं वाटलं नाही. मला ते बेतलेलं कापडच वाटत आलं. तुम्ही आणि आज्जानं ते सगळं माझ्यापासून इतकं लांब नेऊन टाकलंत की माझ्या डोळ्यांना त्याची ओळखच राहिली नाही. याचा तुम्हाला अभिमान वाटायला पाहिजे होता. तुम्ही उठून गेलात.

आता माझ्या कामाची थोडी फुशारकी मारते, ऐकून घ्या. सुरुवातीला आम्ही अंगभर सारख्याच सुरकुत्या काढल्या आणि जनावर रेनकोट घातल्यासारखं दिसायला लागलं. सौरव, आमचा हिंडलग्याचा, तो पडद्यावर जनावरांना चालवायचं काम करतो. तो तर हसून लोळला. मी सगळं पुसलं. मग भिंग लावून स्वतःचं कोपर बघत बसले, आईच्या टाचांचे फोटो मागवले, हिंडलग्यात सौरवच्या म्हशीच्या मानेजवळ तास न् तास कॅमेरा धरून उभी राहिले. तिनं शेपटीनं थोबाडीत मारली ती वेगळीच! तेव्हा कुठं ध्यानात आलं की अंग जिथं वाकतं तिथंच कातडी दुमडते, आणि वाकण्याला आडवी दुमडते. हाड जिथं वर येतं तिथं ती ताणून चकाकते. पोटाकडं पातळ, मानेवर जाड. कानामागून ऊन आलं की आतलं रक्त तांबूस दिसलं पाहिजे. घडीत जुना चिखल पाहिजे, गोचिडीचे वण पाहिजेत, एखादी जुनी झुंजीतली खूण पाहिजे. ज्यांच्यासाठी आम्ही हे काम करतो त्या हैदराबादवाल्यांनी पहिला तुकडा बघितला आणि विचारलं, हा खऱ्या जनावराचा फोटो चिकटवलाय का? मी म्हटलं, शोधून आणा बघू असं जनावर! माझ्यासारखी कातडी करणारी माणसं या देशात थोडी आहेत, आप्पा. हे मी गर्वानं सांगते आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

तुम्ही गेल्यावर संध्याकाळी सौरवनं ती पसरलेली कातडी त्या अंगावर चढवली. पोटाखाली शिवण मिटली. डोळ्यांच्या भोकांत डोळे आले. जनावरानं मान वळवली तेव्हा मानेला अशी घडी पडली की खालचे मागवाले वर बोलावले होते तेही पडद्याजवळ सरकले. मग ते उठलं, अंग झटकलं आणि चालायला लागलं. मला तेव्हा फक्त तुम्ही पाहिजे होता. जरा थांबला असतात तर दिसलं असतं की आमच्याकडं कातडी मेलेल्याच्या अंगावरून उतरत नाही. इथं ती चढते आणि मग जनावर जिवंत होतं.

तर सोमवारी मी मुलाखतीला येणार नाही. कॉलेजात तुम्ही नाव दिलंय, तुम्हीच काढून घ्या. एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहिलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आजवर आम्ही हैदराबादवाल्यांच्या नावाखाली काम केलं. पुढचा सिनेमा आम्हाला आमच्या नावानं मिळालाय. पाटी लावायची आहे, वर मोठं कन्नडमध्ये, खाली मराठीत. सौरवनं झकपक इंग्रजी नावं काढली, मला एकही पटलं नाही. मला त्या पाटीवर एकच शब्द पाहिजे, 'भीमाप्पा'. पडद्यावर सिनेमा संपल्यावर नावं सरकतात ना, तिथं येऊ दे, कातडी : भीमाप्पा, बेळगाव. ज्यानं ते काम चावडीवर नाकारलं त्याचं नाव, आणि कुणी नाक धरणार नाही. काम मी तुम्हाला विचारून करत नाही आणि सोडणारही नाही. पण नाव तुमच्या वडिलांचं आहे, ते तुम्हाला विचारल्याशिवाय मी घेणार नाही. पाटीवाला थांबलाय. हो म्हणायचं असेल तर या रविवारी या. नाही म्हणायचं असेल तरी या, पण माझ्यासमोर बसून, चहा पिऊन, तोंडानं म्हणा.

तुमचीच, तुमच्याइतकीच हट्टी,
ज्योत्स्ना