नयनचा पोळ्याचा शर्ट

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

नागपूर, श्रावण वद्य सप्तमी

तीर्थरूप सासूबाईंच्या पायांवर सौ. नलूनं डोकं ठेवलं असं समजावं.

एसटीनं धाडलेलं सारं काल सकाळी मिळालं. ज्वारीचं पीठ, ठेचा आणि आपल्या नयनसाठी पोळ्याला शिवलेला पांढरा शर्ट. हमालानं वीस रुपये घेतले. शर्ट पाहून मी घासाघीससुद्धा केली नाही!

नयनला इथल्या दवाखान्यात आणायला निघाले तेव्हा तुम्हीच बजावलं होतं, "पोरगी घेऊन चालली, पोरगीच घेऊन येजो." आणि शर्ट तुम्हीच शिवला. माउलीची कृपा, दुसरं काय!

नयन तोच घालून दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मुलगा म्हणून वाढायचं औषध तुला स्वतःला हवं का? घरच्यांचं सोड."

नयन म्हणाला, "पायजे. पण आजी हो म्हणन तवाच. एकट्यानं बरं होऊन मी कुठी जाऊ?"

बाईंना वाटलं, आम्हीच पढवलं. म्हणाल्या, "मग आजीला विचारून ये."

यानं कॉलर ताठ केली. "विचारलं. हा शर्ट तिनंच शिवला. तिचं हो अंगात घालूनच आलो."

बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, वय लहान, घाई करायची नाही. पोळा झाला की आजीसकट सगळे या, मिळून ठरवू. आई, आपण जिंकलो!

औषधाचं भय मला आहेच. पण आता ते सगळ्यांत वाटून घेऊ.

दुबार पेरणी उगवली का? तुमचे गुडघे कसे आहेत?

पोळ्याला बैलाचा कासरा घरच्या मुलाच्या मानानं नयनच्या हाती द्याल ना? त्यानं शर्ट धुऊन, घडी करून उशाशी ठेवला आहे. उलट टपाली कळवा.

तुमची सून,
नलू