आईचा तक्ता मोडू देऊ नकोस

विशाखा,

तू लातूरहून पोचशील तेव्हा मी दवाखान्यात असेन. आईला आयसीयूत ठेवलंय. खिचडी झाकून ठेवली आहे, दोन घास खा.

आईचा मोबाइल टीव्हीजवळ आहे. लॉक तुझ्या जन्मतारखेचं. त्यातल्या एआयशी ती रोज बोलायची. त्यानं तिला तक्ता करून दिलाय: तारीख, छातीत किती वेळ दुखलं, कोणती गोळी घेतली. मी तो कॉपी करून डॉक्टरांना पाठवला, तर सगळे रकाने एकात एक घुसले. तारीख एकीकडं, दुखणं भलतीकडं. डॉक्टर लई वैतागले. तू लॅपटॉपवर सगळ्या बोलण्याची नीट पीडीएफ कर, रकाने जागच्या जागी ठेव अन् छापून लगेच घेऊन ये. एक अक्षरही काढू नकोस.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी बिनदिक्कत म्हणालो, कालपासून. तक्त्यातली पहिली तारीख पोळ्याची आहे. पाच महिने झाले.

दर वेळी एआयनं तिला सांगितलंय, 'घरच्यांना सांगा.' खाली तिचं दर वेळी एकच उत्तर: 'हे पेपर वाचून राहिलेत.'

ती ओळही राहू दे. डॉक्टरांना वाचू दे.

बाबा