हात न पोचणारी जागा

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (त्यातलं एक अंग, उजवा खांदा, सध्या रजेवर आहे, सातांवर भागव.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजी अजून बसल्या बसल्या घोरतात आणि हलवलं की "जागाच आहे" म्हणतात का? इथे सगळे मजेत. मी सोडून.

खांद्याचं झालं असं, की माळ्यावरची ट्रंक ओढताना तो असा धरला की वेणी घालायला हात मागे जाईना. सुनेने फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेलं. बाई कसल्या, पोरगीच; नाकावर चष्मा आणि हातात स्टीलची वाकडी पट्टी. मला पालथं झोपवून पाठीला क्रीम चोपडलं आणि पट्टीच्या बोथट कडेने पाठ अशी निगुतीने खरवडायला लागली, जणू दूध करपलेलं पातेलंच. एका जागी पट्टी अडखळली. "काकू, इथे आखडलंय. पट्टीतून हाताला खरखर लागते." मला रडूच आलं. दुखलं म्हणून नाही गं. (थोडं दुखलं म्हणूनही.) बोर्डिंगमध्ये माझी पाठ धरली की तू कोल्ड क्रीम लावून चमच्याच्या पाठीने नेमकी हीच जागा घासायचीस, आणि सिस्टरांची चाहूल लागली की चमचा उशीखाली नि आपण दोघी प्रार्थनेत.

पुढच्या खेपेपर्यंत मला धीर निघेना. म्हणून यांचा बूट चढवायचा लांब दांड्याचा स्टीलचा शूहॉर्न काढला. (बूट देऊन टाकले, हा काही देववला नाही.) आरशाकडे पाठ करून खरवडलं, आणि क्रीम समजून हाताला लागला तो सर्दीचा बाम त्याच्याच टोकाने चोळला. ताई, मी अख्ख्या घरात नाचले! सून धावत आली, पाठीवरचे लाल वळ बघितले आणि आधी आपल्या नवऱ्याकडे अशी वळली, की तो बिचारा म्हणाला, "मी काय केलंय?"

पुढच्या वेळी पाठ बघताच ती पोरगी थबकली. "काकू, दुसरीकडे कुठे जाता का? हे माझ्या हातचं काम नाही." आपण शिवलेला ब्लाउज दुसऱ्याने उसवलेला पाहून शिंपी बोलेल ना, तसा आवाज. चोरून कुणाला भेटताना सापडल्यासारखी मी ओशाळले. शूहॉर्नचं सांगितलं, तर हसता हसता तिचा चष्मा क्रीमच्या डबीत पडला.

मुलगी गुणी आहे गं. पण काम करताना गप्प असते. तू सारखी बडबडायचीस. "हलू नकोस, म्हशी!" मला म्हशी म्हणणारं आता इथे कुणी नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. खांदा बरा झालाय. काल वेणी माझी मी घातली. तरी "अजून दुखतं" म्हणून गेले होते. तिने पट्टी फिरवली आणि हळूच म्हणाली, "काकू, पट्टीला तर काही लागत नाही." आता येऊ नका म्हणाली.

आणखी एक. फोनवर दर वेळी विचारतेस, "मी तिथे येऊन काय करू? माझं काय काम?" काम निघालंय. कोल्ड क्रीम आणून ठेवलंय. बोर्डिंग सुटताना सिस्टरांच्या मोजणीत एक चमचा कमी भरला होता. तो तुझ्या पेटीत आहे, मला ठाऊक आहे. घेऊन ये.