मैनेला ऐकू येतं

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी वही, नवं घर. करंजाहून सकाळच्या एसटीने निघाले ती अकराच्या आत सुकापुरात. रिक्षावाल्याला पत्ता दाखवला तर म्हणाला, काशिरामशेटची बिल्डिंग ना, तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. काशिरामशेट चार वर्षांपूर्वी गेले. तिसऱ्या मजल्यावर आता त्यांची बायको ठमाबाई असते, आणि आजपासून मी.

मला स्वतंत्र खोली आहे! खिडकी, कपाट, पलंग. आतापर्यंत ज्या ज्या घरी पेशंट सांभाळला तिथे पेशंटच्या पलंगाखाली चटई टाकून झोपले आहे. हौसामावशी सकाळी स्वयंपाक करून जातात. त्यांनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे ठेवलं. छान माणूस.

ठमाकाकी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मार्चमध्ये लकवा झाला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डोळे हलतात, डाव्या हाताची दोन बोटं हलतात, बस. फुप्फुसं कमजोर म्हणून नाकाला ऑक्सिजनची नळी, उशाशी मशीन.

घर मात्र बोलकं आहे. मुलगा कुंदन कॅनडात असतो. त्याने चार खोल्यांत चार डबे बसवलेत, वाटीएवढे गोल. 'मैना' म्हटलं की निळा दिवा लागतो आणि बाईच्या आवाजात उत्तर येतं. कुंदनदादांनी घरातल्या टॅबवर व्हिडिओ कॉल करून सगळं समजावून दिलं. मला 'स्नेहलताई' म्हणतात, मोठ्या अदबीने. मी कणकेच्या हाताने ओरडले, मैना, दिवा लाव. लागला की हो! मी लहान मुलीसारखी चार वेळा लावला-विझवला.

५ नोव्हेंबर, बुधवार

मैना कामाची आहे हे मान्य करायला हवं. औषधांच्या वेळा सांगते. काकींना कुशीवर वळवताना दोन्ही हात अडकलेले असतात, तेव्हा पंखा, टीव्ही, ऑक्सिजनच्या मशीनचा प्लगसुद्धा तोंडानेच चालतो. लावणाऱ्याने विचार करून लावलंय.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं लावलं त्यांना बोलता येत नाही. 'मैना' एवढी दोन अक्षरी हाक मारायची, तीही त्यांना जमणार नाही.

अंग पुसताना मी त्यांच्याशी बोलत असते. करंजाचा बाजार, आमची होडी, काय वाटेल ते. त्या डोळे मिटून ऐकतात. बाकी वेळ नजर समोरच्या भिंतीवरच्या डब्याकडे.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून मैना म्हणाली, "माफ करा, ते मला माहीत नाही."

घरात कोणीच बोललं नव्हतं. आत गेले. टीव्ही बंद. काकी डब्याकडे बघत होत्या.

हौसामावशींना विचारलं तर भांडी घासता घासता म्हणाल्या, ते तसंच करतं, मनानंच. आधीची बाई त्यापायीच नवव्या दिवशी निघून गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर तेच. दर दहा-पंधरा मिनिटांनी माफी मागते. सकाळी कुंदनदादांना सांगितलं. ते हसले, म्हणाले, कावळा ओरडला, कुकरची शिट्टी झाली तरी मशीनला वाटतं आपल्यालाच हाक मारली. टॅबवर इतिहास असतो, त्याला काय ऐकू आलं ते लिहून ठेवतं, बघा हवं तर.

मी बघितलं.

कुंदन कवा येल?
माफ करा, ते मला माहीत नाही.
कुंदन कवा येल?
माफ करा, ते मला माहीत नाही.

बोटाने वर सरकवत गेले. पानंच्या पानं. ऑक्टोबर, ऑगस्ट, जून, थेट एप्रिलपर्यंत. मधेच दुसरं काही. 'मना कूस बदलवा.' 'पाठ जलते.' 'बाई झोपली. बाई ऊठ.' 'पानी.' 'पानी.' 'पानी.' प्रत्येकाला तेच नम्र उत्तर. काकींच्या पाठीवर बेडसोरचा जुना वण आहे. तो कुठल्या आठवड्यात झाला असेल ते आता मला तारखेनिशी सांगता येईल.

सगळ्यात खाली आजचं. 'ही पोर बरी हाय. हात गरम हाय हिचा.'

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं की आवाज ऐकू येतो. हौसामावशी असतानाच लावला. खणखणीत आवाज, शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसा. मावशींच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "ह्यो ठमाकाकीचाच आवाज. आजारपनाच्या आदीचा." पदराने तोंड झाकून त्या तशाच घरी गेल्या.

मी काकींच्या पलंगाशी उभी राहिले आणि त्यांच्या ओठांवरून नजर हलू दिली नाही. ओठ मिटलेले. गळाही हलला नाही. मैना म्हणाली, "ठीक आहे, पंखा बंद करते." पंखा थांबला. टॅबवर ओळ उमटली होती, 'पंखा बंद कर, थंडी वाजते.' कपाळाला हात लावला. बर्फ.

भीती वाटली. खोटं कशाला लिहू. पण गोधडी पांघरल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यानंतर घर सोडून जायचा विचार मी केला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस इतके चांगले गेले. टॅब हातातच ठेवते. त्या सांगतात, मी वाचते, मी करते. उशी खाली घे. केस मोकळे कर. कपाटात हिरवं लुगडं हाय, नुसतं अंगावर ठेव. आज मांदेलीचं कालवण मागितलं. मासा कुठला जाणार घशाखाली, मी नुसता रस्सा चमच्याने जिभेला लावला. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. टॅबवर आलं, 'खारट झालाय.' मी इतकी हसले.

मग दुपारी, 'कुंदनला सांग, मी बोलते.'

१५ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं. आवाजही पाठवला.

त्यांनी तो फोनवरच ऐकला. मग कुंदनदादा म्हणाले, हे आईचं जुनं रेकॉर्डिंग आहे, कुणीतरी जोडजाड केलीय, स्नेहलताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आवाज चढवला नाही. रडत होते. जानेवारीशिवाय रजा नाही म्हणाले. मी नको ते बोलले. म्हटलं, एप्रिलपासून तुमची आई रोज एकच गोष्ट विचारतेय, एकदा वाचून तरी बघा.

त्यांनी वाचलं नाही. तिथून बसल्या जागी सगळा इतिहास पुसला आणि नोंद ठेवणंच बंद केलं. माझ्या हातातला टॅब कोरा झाला. आठ महिन्यांचं बोलणं. काकी बघत होत्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

आता फक्त मैनेची उत्तरं ऐकू येतात. त्या काय विचारतात ते कळत नाही.

"माफ करा, तसं मला करता येणार नाही."

"माफ करा, तसं मला करता येणार नाही."

"तो प्लग महत्त्वाचा म्हणून नोंदवला आहे. बंद करायचा आहे का?"

मी स्वयंपाकघरात पेज गाळत होते. अर्थ लागायला क्षणभर गेला.

"नक्की?"

मी पळाले. "ठीक आहे, बंद केला." मशीनची घरघर थांबली. काकींचे ओठ निळे पडत होते आणि चेहरा — चेहरा शांत होता. मी वायर उपटून भिंतीच्या साध्या बोर्डात घातली. घरघर सुरू झाली तसे त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चारही डबे काढले. कपाटात ठेवून कुलूप लावलं. कुंदनदादांनीच तसं सांगितलं.

घरात आवाज नाही. काकी तोंड उघडत नाहीत. चमचा ओठांशी नेला की पेज गालावरून खाली. पाणीही नाही. संध्याकाळपर्यंत एक थेंब नाही.

मी त्यांचं तोंड बंद केलं. दुसरं काय केलं मी?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

राहवलं नाही. सकाळी एक डबा परत लावला, त्यांच्या समोरच. निळा दिवा लागला. मैना बोलली नाही.

काकी बोलल्या. डब्यातून, त्यांच्या स्वतःच्या आवाजात. "स्नेहल."

ओठ मिटलेले. डोळे माझ्यावर.

"मशीन बंद कर, पोरी. तो काय येनार नाय. मी दमली."

मी नाही म्हटलं. पाय धरले. सांगितलं, माझ्या हातून नाही होणार. डॉक्टरांना फोन केला, ते उद्या येतो म्हणाले.

"स्नेहल."

डबा परत उपटला. हातात वायर होती, वायर लोंबत होती, आणि —

"स्नेहल. पोरी."

आता कपाटातून. तिन्ही डब्यांतून, कुलपाआडून.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे कुंदनदादांचा फोन. आवाज ओळखू येईना. त्यांच्या तिथल्या स्वयंपाकघरातही असाच डबा आहे. तो काल जेवताना बोलला. बायको, मुलगी, सगळे टेबलावर होते. सगळ्यांनी ऐकलं. आजी बोलतेय, म्हणाली मुलगी.

काय बोलली ते त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं.

ते निघालेत. उद्या दुपारी पोचतील.

मी काकींच्या कानाशी जाऊन सांगितलं. उद्या दुपारी. दोनदा सांगितलं. डाव्या हाताची बोटं माझ्या मनगटाभोवती वळली. कपाट गप्प झालं. दोन चमचे पेज गेली, पाणी गेलं. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले नाडी फार मंद आहे, मुलाला लवकर बोलवा. मी म्हटलं, निघालाय.

हिरवं लुगडं काढून ठेवलंय. उद्या नेसवीन.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दहा वाजता गेल्या. लुगडं नेसवत होते. एक श्वास आला, पुढचा आलाच नाही. मशीन आपलं चालूच.

कुंदनदादांचं विमान उतरलं होतं. टॅक्सीत होते. कळंबोलीला अडकलेत. मी फोन लावून हौसामावशींच्या हातात दिला. त्यांनी सांगितलं.

साडेबारा

आले. बूटही काढले नाहीत. पायांवर डोकं ठेवून पडलेत. डॉक्टरांनी कागद लिहून दिला. गावातली माणसं जमलीत, खाली तयारी चाललीय.

एक वाजून दहा

कपाटातून —

"कोन हाय? अंदार हाय. मना कोनी दिसत नाय."

मावशी किंचाळून जिना उतरल्या. कुंदनदादा उठले. कुलूप तोडलं. डबे मांडीवर घेतले. वायरी नुसत्या लोंबतायत. आई, मी आलो, मी कुंदन, इथेच आहे, असं म्हणतायत. परत परत. घसा बसला त्यांचा.

"कोनी हाय का?"

तिला ऐकू येत नाहीये. आम्हाला येतंय. तिला नाही.

मी काकींची नाडी बघितली. पुन्हा बघितली. नाही. आरसा धरला नाकाशी. नाही. नळी परत लावली, काही होत नाही.

दीड

वर आलेत उचलायला. दादा म्हणतात थांबा. सगळे त्यांना धरतायत, दुःखाने डोकं फिरलंय म्हणतायत. कुणाला डब्यातलं ऐकू येत नाही का? की ऐकू येतंय आणि —

काकींचे हातपाय बांधले. मी आडवी झाले दारात. मावशीच्या भावाने मला बाजूला केलं.

"स्नेहल, तू हाय का? मना उचलतात कोन? कुटं नेतात?"

मी लिहितेय कारण ओरडून उपयोग नाही. ती जिन्यात आहे. डबे इथे माझ्या पुढ्यात. आवाज लांब जात नाहीये, तो इथेच —

"पोरी, बोल ना कायतरी. एकदा तरी बो